फोटो एडिटिंगसाठी डेस्कटॉप: ब्रँडेड घ्यावा की असेंबल करावा?

असेंबल केलेला पीसी स्वस्त पडतो आणि ब्रँडेड जास्त टिकतो, हे दोन्ही समज आता जुने झाले. फोटो एडिटिंगपुरतं बोलायचं तर कागदावरच्या वेगात फारसा फरक राहिलेला नाही. तोच प्रोसेसर आणि तेवढीच रॅम दोन्हीकडे मिळते. फरक पडतो तो जाहिरातीत न छापलेल्या गोष्टींनी. रॅमच्या पट्ट्या किती, एसएसडी कोणत्या जातीची, एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या डब्याचे) कनेक्टर कोणते, आणि तासभर एक्सपोर्ट चालू असताना पंखा किती ओरडतो? हे सगळं आपल्या हातात हवं असेल तर असेंबल करावं. नको असेल तर तयार मशीन घ्यावं, पण खाली दिलेले प्रश्न विचारून.

आधी कामाचा हिशोब

४५ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की त्याचा एक लेयर मेमरीत साधारण २७० एमबी जागा घेतो: साडेचार कोटी पिक्सेल, प्रत्येकाचे तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट. २४ मेगापिक्सेलला हाच आकडा १४४ एमबी येतो. रिटचिंगचे दहा-बारा लेयर, फोटोशॉपची हिस्टरी (सेटिंग न बदलल्यास ५० पायऱ्या), शेजारी लाइटरूम आणि ब्राउझर उघडे असले की १६ जीबी कधी संपली ते कळत नाही. रॅम संपली म्हणून प्रोग्रॅम बंद पडत नाही. फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर (रॅमऐवजी वापरायच्या ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या जागेवर) लिहायला लागतं आणि ब्रश पेनच्या मागे रेंगाळतो. त्यामुळे सुरुवातच ३२ जीबीपासून करावी. ६४ जीबी लागते ती मोठे पॅनोरामा आणि फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) करणाऱ्यांना; ४५ मेगापिक्सेलच्या ३० फ्रेमचा स्टॅक मास्क जोडण्याआधीच ८ जीबीच्या पुढे जातो.

ग्राफिक्स कार्डाचं महत्त्व गेल्या काही वर्षांत बदललं. पूर्वी लाइटरूमसाठी साधं कार्डही चालायचं. २०२२मध्ये लाइटरूम क्लासिकच्या एक्सपोर्टला कार्डाची मदत मिळू लागली आणि २०२३मध्ये फोटोतला दाणेदारपणा काढणारं एआय डीनॉइज आलं. हे डीनॉइज जवळजवळ पूर्णपणे कार्डावर चालतं. चांगल्या कार्डावर फोटोमागे काही सेकंद लागतात, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काही मिनिटं. एका फोटोला १५ सेकंद धरले तर ५०० फोटो दोन तासांत होतात. चार मिनिटं धरली तर तेच काम ३३ तासांवर जातं. लग्न, रंगमंच किंवा पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना, म्हणजे ज्यांचा आयएसओ सतत ३२००च्या वर असतो त्यांना, सगळ्यात जास्त उपयोग कार्डाचा होतो. उजेडात काढलेली उत्पादनांची किंवा वास्तूंची छायाचित्रं असतील तर याच कार्डाचे पैसे मॉनिटरवर घालावेत.

कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबीपेक्षा कमी नको. १६ जीबी असेल तर ४के मॉनिटर, लाइटरूम आणि फोटोशॉप एकत्र चालवताना ओढाताण होत नाही. त्याहून महागडी गेमिंग कार्डं फोटोसाठी घेऊ नयेत. व्हिडिओ किंवा थ्रीडी करणार असाल तर गोष्ट वेगळी.

प्रोसेसरबद्दल गोंधळ जास्त आहे. फोटोशॉपची बरीचशी कामं एक-दोन कोअरवरच होतात, म्हणून तिथे एका कोअरचा वेग महत्त्वाचा. प्रीव्ह्यू बनवणं आणि एक्सपोर्ट करणं यात मात्र जास्त कोअर कामाला येतात. आजचे ८ ते १२ कोअरचे प्रोसेसर पुरे होतात. एएमडीच्या एक्स-थ्रीडी मालिकेतला वाढीव कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) गेमसाठी आहे, फोटोला त्याचा म्हणण्यासारखा उपयोग नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीत जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर खराब होण्याचा दोष होता. कंपनीने २०२४मध्ये तो मान्य केला, सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) दिला आणि बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या पिढीचं मशीन घेत असाल तर बायोस (बोर्डावरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट केला आहे ना, ते आधी बघा. अपडेटमुळे पुढची झीज थांबते, आधी झालेली भरून येत नाही. म्हणून या पिढीचा वापरलेला प्रोसेसर घेऊच नये.

ब्रँडेड टॉवर

फायदा मोठा आहे: एक बिल, एक वॉरंटी, विंडोज आतच. बिघाड झाला तर तो रॅमचा की बोर्डाचा, हे शोधणं तुमच्या गळ्यात पडत नाही. ज्यांचं मशीन दोन दिवस बंद राहिलं तर काम हातचं जातं, त्यांच्यासाठी जागेवर येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी हाच तयार मशीन घेण्याचा खरा मुद्दा आहे.

आता खटकणारं. पहिली गोष्ट रॅम. "१६ जीबी डीडीआर५" असं लिहिलेलं असतं, आत बहुधा १६ जीबीची एकच पट्टी असते. एका पट्टीमुळे मेमरीचा एकच चॅनल चालतो, बँडविड्थ निम्म्यावर येते, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर अवलंबून असलेल्यांना ते लगेच जाणवतं. तिथे दुसरी तशीच पट्टी टाकून ३२ जीबी करणं सोपं आहे, फक्त स्लॉट दोन आहेत की चार, आणि रॅम बोर्डावर सोल्डर केलेली तर नाही ना, हे विचारून घ्यावं.

दुसरी गोष्ट पॉवर. कार्यालयीन टॉवरमध्ये बहुधा कमी वॅटचा, कंपनीच्या खास आकाराचा एसएमपीएस असतो आणि मदरबोर्डाचं कनेक्टरही नेहमीच्या २४ पिनचं नसतं. म्हणजे पुढे चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरवलं की बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही, बोर्डही बदलता येत नाही, कारण कॅबिनेटची छिद्रं आणि पुढच्या बटणाची वायरसुद्धा वेगळी असते. कार्ड हवंच असेल तर ते आत बसवलेलंच मॉडेल घ्या. "आत्ता साधं घेऊ, वर्षभराने कार्ड टाकू" हा बेत या टॉवरमध्ये बहुतेक वेळा फसतो.

तिसरी गोष्ट उष्णता, आणि ही फोटोवाल्यांना सगळ्यात जास्त भोवते. उदाहरणादाखल इंटेलचा कोअर आय७-१४७०० घ्या. त्याची मूळ मर्यादा ६५ वॅट, पण जोर लावला की तो २१९ वॅटपर्यंत जाऊ शकतो. लहान टॉवरमध्ये छोटा कूलर असतो, म्हणून उत्पादक हा जोर थोडाच वेळ टिकू देतात. मिनिटभराच्या आत मर्यादा ६५ वॅटच्या आसपास खाली येते. बेंचमार्क दोन मिनिटांत संपतो, त्यामुळे परीक्षणात आकडे छान दिसतात. ८०० रॉ (कॅमेऱ्यातून प्रक्रिया न होता आलेल्या) फाइल एक्सपोर्टला लावल्या की पहिल्या काही फाइल भराभर निघतात आणि पुढे गाडी रांगते. तोच प्रोसेसर मोठ्या कूलरखाली चालला तर फरक स्पष्ट दिसतो. म्हणून तयार मशीनच्या परीक्षणात "सलग अर्धा तास लोडवर किती वॅट आणि किती आवाज" एवढं एक वाक्य शोधा. ते नसेल तर बाकीचे आकडे अर्धेच समजा.

एसएसडीचं नाव तर कुठेच लिहिलेलं नसतं. "१ टीबी एनव्हीएमई" (जलद एसएसडीचा प्रकार) या शब्दांत स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारा) ड्राइव्हही बसतो. तो रोजच्या वापरात चांगला चालतो, पण एका दमात २०० जीबी फोटो कॉपी केले की आतला जलद भाग भरतो आणि वेग कोसळतो, कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली. चौकशीत नेमका मॉडेल क्रमांक मागावा.

गेमिंगसाठी तयार मिळणारे टॉवर फोटोला कार्यालयीन टॉवरपेक्षा बरे. त्यांत नेहमीचे भाग असतात आणि कूलरही मोठा असतो. काच आणि रंगीत दिवे मात्र बायोसमधून किंवा सॉफ्टवेअरमधून बंद करावे लागतात. रंग तपासायच्या खोलीत जांभळा उजेड कुणालाच नको.

मॅक मिनी आणि छोटे पीसी

२०२४चा एम४ मॅक मिनी हा या तुलनेतला अडचणीचा पाहुणा आहे, कारण तो "असेंबल करावं का" हा प्रश्नच उडवून लावतो. १२.७ सेंटिमीटर चौरस डबा, जवळजवळ शांत, सुरुवातीलाच १६ जीबी. २४ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कामाला तो उत्तम. पण रॅम नंतर वाढत नाही आणि तीच मेमरी ग्राफिक्सलाही पुरवावी लागते. म्हणून तो घेताना २४ किंवा ३२ जीबीचाच घ्यावा. आतली साठवण वाढवण्याचे पैसे वाचवून थंडरबोल्ट या जलद पोर्टावर बाहेरची एनव्हीएमई लावणं शहाणपणाचं. एआय डीनॉइजमध्ये तो वेगळं कार्ड असलेल्या टॉवरच्या मागे राहतो.

विंडोजचे छोटे पीसी बहुतेक लॅपटॉपच्या प्रोसेसरवर चालतात. कधीमधी फोटो बघण्या-सुधारण्यापुरते ठीक, धंद्यासाठी नाही. ऑल-इन-वनला माझा सरळ नकार आहे: पडदा आणि संगणक एकाच दिवशी म्हातारे होतात.

स्वतः असेंबल करताना

फोटोसाठी नीट जुळलेला एक संच असा होतो. रायझन ७ ९७००एक्स (८ कोअर, ६५ वॅट, बॉक्समध्ये कूलर येत नाही), एएम५चा (रायझनच्या सॉकेटचा) मध्यम बोर्ड, ३२ जीबीच्या दोन पट्ट्या, आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, ६५० ते ७५० वॅटचा ८० प्लस गोल्ड एसएमपीएस, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर एअर कूलर आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. या कार्डाला १८० वॅट लागतात, त्यामुळे हजार वॅटचा एसएमपीएस घेण्यात अर्थ नाही. वॉटर कूलिंगचीही गरज नाही. पंप हा आणखी एक बिघडणारा भाग.

साठवणीला दोन एनव्हीएमई. एकीवर विंडोज, प्रोग्रॅम, कॅटलॉग आणि कॅशे. दुसरीवर चालू कामाच्या रॉ फाइल. पीसीआयई ४.० पुरे. ५.० चा १४,००० एमबीचा आकडा कॉपी करताना दिसतो, लाइटरूममध्ये फोटो पुढे सरकवताना नाही, शिवाय ती तापते जास्त. जुनं काम हार्ड डिस्कवर, आणि त्याची निदान एक प्रत घराबाहेर.

बोर्ड निवडताना चूक होते ती एम.२ (एनव्हीएमई बसवायचे) स्लॉट मोजताना. तीन स्लॉट लिहिलेले असतात, पण काही बोर्डांवर तिसरा वापरला की हार्ड डिस्कचे दोन साटा पोर्ट बंद पडतात किंवा ग्राफिक्स कार्डाच्या लेन (डेटाच्या वाटा) कमी होतात. हे मॅन्युअलमध्ये तळटीपेत असतं, म्हणून मॅन्युअल खरेदीआधी वाचायचं. दुसरी नेहमीची चूक: कॅबिनेटच्या तोंडावर यूएसबी-सी पोर्ट आहे, पण बोर्डावर त्याचं अंतर्गत कनेक्टरच नाही. रोज कार्ड रीडर लावणाऱ्याला ते पोर्ट हवंच. सीएफएक्सप्रेस कार्ड वापरत असाल तर १० जीबीपीएसपेक्षा कमी पोर्टावर कार्डाचा वेग वाया जातो. आणि वायफाय गृहीत धरू नका. तेही बोर्डावर असतंच असं नाही.

रॅमच्या चार पट्ट्या घेऊ नका. रायझन ९००० मालिकेत दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५६०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. ६४ हवी तर ३२ च्या दोन, पुढे ९६ हवी तर ४८ च्या दोन. "आत्ता दोन, नंतर आणखी दोन" हा डीडीआर४च्या काळातला हिशोब इथे अंगाशी येतो.

जोडणीचा क्रम: बोर्ड त्याच्या खोक्यावरच ठेवून प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कूलर बसवा. प्रोसेसरवरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळला पाहिजे. एएम५मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे बोट किंवा स्क्रू पडू देऊ नका. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एसएसडीच्या हीटसिंकखालची आणि कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढा. ती राहिली तर मशीन चालू होतं, विंडोज येतं आणि पहिल्या मोठ्या एक्सपोर्टला तापमान ९५ अंशांवर जाऊन बसतं, मग माणूस कूलरला शिव्या देतो. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

कॅबिनेटमध्ये टाकण्याआधीच एकदा चालू करून बघा. ९७००एक्समध्ये छोटे ग्राफिक्स आहेत, त्यामुळे कार्डाशिवाय पडदा येतो. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे त्यांना ही सोय नाही. एएम५ पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंग (बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं) होतं: पडदा काळा, पंखे फिरताहेत, आणि हे कित्येक मिनिटं चालू शकतं. याच क्षणी घाबरून बटण दाबलं जातं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं हात बांधून बसा. त्यानंतरही काही आलं नाही तर बोर्डावरचे चार छोटे दिवे बघा. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट यांपैकी जो पेटलेला आहे तिथे अडलंय. डीरॅमचा असेल तर पट्ट्या काढून पुन्हा क्लिक होईपर्यंत दाबा. बोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर नवा असेल तर बायोसच त्याला ओळखत नसेल. म्हणून मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्यावा. तिथे पेनड्राइव्हवरून प्रोसेसर न ओळखताही अपडेट होतो.

आत बसवताना स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) बोर्डाच्या छिद्रांखालीच हवेत, एखादा जास्तीचा राहिला तर शॉर्ट होतो. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा ८ पिनचा वेगळा पॉवर कनेक्टर लोक हमखास विसरतात. शेवटी कार्ड बसवा आणि मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, बोर्डाला नाही. ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते, मग महागडं कार्ड आत असूनही पडदा प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालतो.

बायोसमध्ये दोन कामं: एक्सपो (रॅम तिच्या छापील वेगाने चालवायची सेटिंग) चालू करणं, नाहीतर विकत घेतलेली ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते, आणि पंख्यांचा वेग असा लावणं की क्षणिक तापमानाला ते दचकून गुरगुरणार नाहीत.

त्यानंतर एक रात्र मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. गेम खेळणाऱ्याला खराब रॅम म्हणजे एखादा क्रॅश. फोटोवाल्याला ती जास्त महागात पडते, कारण कॉपी करताना एखादा बिट बदलला तरी विंडोज काही बोलत नाही आणि महिन्यांनंतर रॉ फाइल अर्धी गुलाबी उघडते. डीडीआर५मधलं चिपच्या आतलं ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करणारी सोय) म्हणजे पूर्ण ईसीसी नव्हे. चिप आणि प्रोसेसरच्या मधल्या चुका ते पकडत नाही. मेमटेस्टमध्ये एक जरी एरर आली तर आधी एक्सपो बंद करून पुन्हा चालवा. तरीही आली तर पट्टी बदलून घ्या.

विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, आणि ओईएम (नव्या मशीनसाठी विकला जाणारा) परवाना बोर्डाशी बांधलेला असतो. तुलना करताना ही रक्कम असेंबलच्या बाजूला जोडायला लोक विसरतात. ग्राफिक्स ड्रायव्हर एनव्हिडियाचा स्टुडिओ निवडा.

मधला मार्ग

भागांची यादी तुमची, जोडणी विक्रेत्याची. बहुतेकांसाठी मला हाच मार्ग सगळ्यात योग्य वाटतो. फक्त बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव लिहून घ्या. "६५० वॅट एसएमपीएस" किंवा "३२ जीबी रॅम" एवढंच लिहिलं की तिथेच स्वस्त माल घुसतो. सगळ्या भागांची खोकी आणि मॉड्युलर एसएमपीएसच्या उरलेल्या केबल मागून घ्या. दुसऱ्या एसएमपीएसची केबल दिसायला सारखी असली तरी पिनांची रचना वेगळी असते, ती लावली तर ड्राइव्ह जळू शकतात.

किमतीचं म्हणाल तर २०२५च्या शेवटच्या महिन्यांत एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम झपाट्याने महागली आणि जुनं गणित उलटलं. मोठ्या उत्पादकांचे मेमरीचे करार आधी झालेले असल्याने तयार मशीन कधीकधी भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू लागलं. म्हणून यादी करताना आधी रॅम आणि एसएसडीचा भाव काढा. त्या दोन ओळी जड वाटल्या तर नेहमीचे भाग वापरणारा तयार टॉवर बघा, त्याचं बाकीचं सुटं सामान पुढे बदलता येतं.

कुठल्याही बाजूने जा, मॉनिटरचे पैसे आधी बाजूला काढा. २७ इंची आयपीएस, छापाईसाठी अॅडोबी आरजीबीचा ९९ टक्के भाग दाखवणारा, सोबत कॅलिब्रेटर. उजेड ८० ते १२० कँडेलाच्या मध्ये ठेवा. दुकानातल्या चकाकीवर सोडला तर प्रिंट काळपट येतील आणि दोष प्रिंटरला जाईल.

तयार मशीन घेतलंत तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करा: टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि वापरलेले स्लॉट बघा, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचं मॉडेल बघा, एचडब्ल्यूइन्फो उघडून ५०० रॉ फाइलचा एक्सपोर्ट लावा आणि दहाव्या मिनिटाला प्रोसेसरचे वॅट किती राहिलेत ते टिपा. मग १०० फोटोंवर एकत्र डीनॉइज चालवा. पंख्याचा आवाज त्या वेळी, खुर्चीत बसून ऐका.